हँडल नसलेलं दार : नागपुरातल्या एका एमजीए १५०० चं प्रकरण

गाडी, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची जुनी दोन सीटची स्पोर्ट्स कार, टेम्पोवरून उतरली तेव्हा तिच्या दोन्ही दारांना बाहेरून क्रोमची हँडलं होती. मालकांचं म्हणणं साधं होतं. हँडलं गंजली आहेत, तशीच ओरिजिनल मिळवून बसवा. समोरची काच ओरिजिनल करा. बाकी गाडीला हात लावू नका. एवढ्याशा कामाला दीड वर्ष लागलं, आणि गाडी परत गेली तेव्हा तिच्या दारांना बाहेरून काहीच नव्हतं.

मालक निवृत्त वकील. सिव्हिल लाइन्सला त्यांचा जुना बंगला आहे. त्यांच्या वडिलांनी साठच्या दशकात कलकत्त्याच्या एका चहा कंपनीच्या साहेबाकडून ही एमजीए विकत घेतली आणि रेल्वेने नागपूरला आणली. इंजीन धडधाकट होतं. १४८९ सीसीचं ते बी-सीरीज इंजीन नीट ठेवलं तर माणसाला कंटाळा येईल इतकं टिकतं. रखडलं होतं ते वरचं सगळं : दारं, काच, बाजूचे पडदे (दारावर बसवायच्या, काढता येणाऱ्या खिडक्या).

आमची शेड वाडीत, अमरावती रोडच्या आत. पत्र्याचं काम करणारे मोमीनपुऱ्याचे चाचा, आणि लेथवर बसायला अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक टर्नर काका. मी मधला माणूस : मापं घेणं, पार्ट मागवणं, मालकांशी बोलणं, आणि चूक झाली की ती अंगावर घेणं. या प्रकरणातली सगळ्यात महागडी चूक माझीच आहे, ती पुढे येईलच.

चाचांनी हँडलवर नुसतं बोट फिरवलं आणि हसले. "भाऊ, हे त डुक्कर फियाटचं हाय. हजार हँडलं काढली असतीन मी याची."

डुक्कर फियाट म्हणजे जुनी फियाट ११००. वकीलसाहेबांना ते पटेना. त्यांनी मोबाइलवर लाल एमजीएचा फोटो दाखवला, दाराला बाहेरून हँडल असलेला. फोटो खरा होता, गाडी वेगळी होती. वर पक्कं छप्पर, दारात वरखाली होणारी काच : ती कूपे. कूपे १९५६ मध्ये आली आणि तिला बाहेरून हँडल आहे, तेही बारीक, उभं. वकीलसाहेबांची गाडी उघडी, म्हणजे रोडस्टर. १९५५ च्या सप्टेंबरात फ्रँकफर्टच्या मोटार शोमध्ये जी पहिल्यांदा लोकांसमोर आली, ती ही. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ पर्यंत कूपे धरून एक लाखाहून थोड्या जास्त एमजीए बनल्या आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. रोडस्टरच्या दारात काच नाही, बाहेरून हँडल नाही, कुलूपही नाही. दारावरून आत हात घालायचा, दाराच्या आतल्या खिशात वरच्या बाजूने ताणलेली दोरी ओढायची, दार उघडतं. पावसाळ्यात बाजूचे पडदे लावले असतील तर पडद्याच्या खालच्या भागातली झडप ढकलून हात आत न्यायचा.

"म्हणजे माझ्या वडिलांनी सगळी हयात उघडलं ते दार खोटं?" वकीलसाहेब म्हणाले. रागाने नाही, पण आवाज उतरला होता.

फोटो दाखवून असा वाद मिटत नाही. गाडीलाच विचारावं लागतं. ब्रिटिश मोटर म्युझियमकडून गेडनहून गाडीचा दाखला मागवता येतो. तो मागवला, आला, त्यात बनल्याची तारीख, मूळ रंग, कुठे पाठवली ते होतं. हँडल नव्हतं याचा दाखला मात्र कोण देणार? म्हणून आम्ही उजवं दार उतरवलं, आतलं रेक्झिन काढलं आणि टॉर्च लावून बसलो. खिशाच्या पुढच्या टोकाला एक छोटी पत्र्याची कडी होती, रिकामी. मागच्या टोकाला लॅचच्या दांडीत भोक होतं, तेही रिकामं. दोन्ही एका रेषेत. मधे जे असायला हवं होतं ते गेलं होतं, आणि त्याऐवजी फियाटच्या हँडलपासून लॅचपर्यंत एक सायकलचा स्पोक वाकवून जोडलेला होता. काम बेरकी होतं. ज्याने केलं त्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

त्याहून पक्का पुरावा हँडलसाठी पत्र्यात पाडलेल्या भोकाच्या कडेला होता. कारखान्यातलं भोक प्रेसवर पडतं, त्याची कड रंगाच्या आधी साफ होते, मग प्रायमर आणि रंग कडेवरून आत उतरतात. इथे कड छिन्नीने तोडलेली, वरून कानस मारलेली, आणि नागड्या ॲल्युमिनियमची. मूळ रंगाचा थर अगदी कडेपर्यंत येऊन कापल्यासारखा थांबत होता. आधी रंग, मग भोक. वकीलसाहेबांना बोलावून भिंग हातात दिलं. पाच मिनिटं ते काही बोलले नाहीत, वकिलाला साक्ष ओळखता येते. मग म्हणाले, "आईसाठी लावलं असणार. नऊवारी सावरत तिला दारावरून आत वाकणं जमायचं नाही."

आता खरा पेच. एकीकडे कारखान्याने दिलं ते, दुसरीकडे आईसाठी वडिलांनी केलं ते. जुन्या गाड्यांच्या जगात यावर हाणामाऱ्या होतात. मला स्वतःला असली घरगुती दुरुस्ती गाडीच्या आयुष्याचा भाग वाटते आणि ती सरसकट पुसायला मी तयार नसतो. वकीलसाहेबांनी नियमाचाही मुद्दा काढला : २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आली, ५० वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा नंबर, पहिल्या नोंदणीचे २०,००० रुपये, आणि अट अशी की गाडी मूळ रूपात राखलेली हवी. पण त्या अटीचा रोख चॅसिस, बॉडी आणि इंजिनातल्या मोठ्या फेरफारांवर आहे. दोन हँडलांवरून कोणी फाइल परत पाठवेल असं मला वाटलं नाही, आणि तसं मी सांगितलं.

निर्णय शेवटी पत्र्याने केला. या गाडीच्या दाराचा सांगाडा स्टीलचा आणि वरची कातडी ॲल्युमिनियमची. व्हर्नियर लावला तर जाडी सव्वा मिलिमीटरच्या आसपास. हँडल ओढलं की सगळा ओढा त्या पातळ कातडीवर यायचा. उजव्या दाराच्या भोकापासून खाली दोन बोटं लांब तडा गेला होता, आणि तो लपवायला कधीतरी भरलेली लांबी (पुट्टी) आता पापडासारखी सुटत होती. भोक ठेवलं असतं तर तडा वाढत राहिला असता. हँडलं काढायचं ठरलं. ती वकीलसाहेबांनी स्वतः पुसून हल्दीरामच्या सोनपापडीच्या डब्यात ठेवली.

आता दारांचं काम. ॲल्युमिनियम आणि स्टील एकमेकांना चिकटून असले आणि मधे ओल शिरली की ॲल्युमिनियम आपला जीव देऊन स्टीलला वाचवतं. दाराच्या खालच्या घडीत, जिथे कातडी सांगाड्यावर दुमडलेली असते, तिथे पांढरी भुकटी भरली होती. वरून रंगाला फक्त फोड दिसत होते. चाचांनी फक्त खालची घडी उलगडली, बाकी तीन बाजू तशाच ठेवल्या. सगळी कातडी काढली असती तर ती परत त्याच आकारात बसली नसती. सांगाड्याला इपॉक्सी प्रायमर, घडीत पातळ टेप, मग घडी परत बंद.

भोकं बुजवायला आर्गन वेल्डिंग. इथे आम्ही दोन आठवडे नुसता सराव केला. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्यावर जो ऑक्साइडचा पापुद्रा असतो तो २,००० अंशांच्या वर. पापुद्रा घासून काढला नाही तर वरून काहीच होत नाहीसं दिसतं आणि खालून पत्रा एकदम गळून पडतो. बाजारात मिळणारी फिलर रॉड लावून पाहिली, टाका कडक झाला, हातोडीखाली शेजारचा पत्रा दबायचा पण टाका नाही. मग चाचांनी उलगडलेल्या घडीतून कुजलेली जी पट्टी कापून काढावी लागली होती, तिच्या चांगल्या टोकाच्या बारीक काड्या कापल्या आणि त्याच फिलर म्हणून वापरल्या. दाराचंच धातू दारात. टाका मऊ राहिला, ठोकता आला. पत्रा नरम करताना चाचा त्यावर साधा कपड्यांचा साबण घासतात आणि गॅसची ज्योत फिरवतात. साबणाची रेघ तपकिरी होऊन काळी पडली की ज्योत हटवायची. त्यापुढे दोन सेकंद जास्त आणि दार गेलं.

शेवटचा हात मी कधी विसरणार नाही. चाचांनी खिशातला रुमाल काढला, तळहाताखाली धरला, डोळे मिटले आणि दारावरून हात सावकाश फिरवला. उघड्या तळव्याला घाम असतो, तो अडतो. रुमाल घसरतो आणि खालचे चढउतार सांगतो. "हितं. तांदळाच्या दाण्याइतकं वर हाय." मला उजेडातही दिसत नव्हतं. मी पट्टी लावली. होतं.

बिजागऱ्यांचं काम थोडक्यात सांगतो. पिना झिजून दार मागच्या टोकाला सहा मिलिमीटर खाली आलं होतं. टर्नर काकांनी पिना नव्याने काढल्या, भोकं रीमरने एकसारखी केली. आट्यांची भानगड मात्र नोंदवून ठेवण्यासारखी आहे. या गाडीत पाव इंचाचे यूएनएफ (इंची मापाचे बारीक) आटे बरेच, इंचाला २८. आपल्याकडे कोणत्याही दुकानात सहा मिलिमीटरचा बोल्ट मिळतो, तो त्या भोकात दोनतीन आटे सहज जातो, मग अडतो. अडला की मिस्त्री पाना लांब घेतो. आमच्या गाडीत असे पाच खून झालेले होते. काका म्हणाले, "हाताने जोवर फिरतो तोवरच तो आपला बोल्ट. अडला की परका." पाचही भोकं मोठी करून बुश बसवले आणि आत परत २८ चे आटे पाडले.

दोरीसाठी बर्डीवरून सायकलची ब्रेक केबल आणून आधी प्रयोग केला, लांबी ठरवली, मग बाहेरून मागवलेली खरी बसवली. ताण किती ठेवायचा हे कुठल्या मॅन्युअलात सापडत नाही. फार ताणली तर लॅच अर्धवट उघडा राहतो आणि खड्ड्यात दार सुटतं. सैल ठेवली तर दोन बोटांनी ओढून उघडत नाही. आम्ही गाडी वाडी नाक्याच्या खराब रस्त्यावर वीस वेळा नेली.

आता काच. गाडीवर जी होती ती लोखंडी अँगलच्या चौकटीतली सपाट काच, तीही साधी, खिडकीची. मूळ काचेला हलका बाक आहे आणि तशी काच त्या काळी इथे मिळणं शक्य नव्हतं, म्हणून कोणीतरी चौकटच सपाट केली. साध्या काचेमागे बसून हा माणूस ताशी ऐंशीने जात होता या विचाराने मला अजूनही कसंतरी होतं. हँडलांबद्दल जी हळहळ वाटली ती इथे अजिबात नव्हती.

वकीलसाहेबांनी बंगल्याचा माळा उपसला आणि गोणपाटात गुंडाळलेले दोन खांब, वरची पट्टी आणि खांबांना आधार देणारी दोन्ही धरायची हँडलं सापडली. सगळं पितळी, वरून क्रोम, क्रोमला देवी आल्यासारखे खड्डे. खालची पट्टी नव्हती, ती मागवली. प्लेटिंगला आधी एक धरायचं हँडल नमुना म्हणून दिलं. चमक अशी आली की त्यात तोंड पाहावं, पण सगळ्या कडा गोल झाल्या होत्या, आणि स्क्रूच्या डोक्यासाठी असलेली खळगी बफने (पॉलिशच्या फिरत्या चाकाने) बशीसारखी पसरली होती. क्रोमचा थर मायक्रॉनच्याही अंशात असतो. खाली निकेल असतो तो जाड, आणि या दोन्हींच्या खाली धातूचा जो आकार असेल तोच शेवटी दिसतो. बफवाल्याचा दोष नाही, त्याला चमकेचे पैसे मिळतात. बाकी सगळे भाग आम्ही शेडमध्येच हाताने घासले, लाकडी ठोकळ्यावर पॉलिश पेपर लावून, कडा जपून. आणि प्लेटिंगवाल्याला सांगितलं : बफ लावू नका, फक्त निकेल आणि क्रोम. त्याने माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं, पण केलं.

बसवण्याचा क्रम इथे महत्त्वाचा. काचेचे खांब दाराच्या पुढे, डॅशच्या दोन टोकांना बोल्टने बसतात, आणि बाजूच्या पडद्याची पुढची कड या खांबाला येऊन भिडते. पडदा दारावर बसतो. म्हणजे दार दोन मिलिमीटर हललं तर पडदा हलतो, आणि पडदा हलला तर काचेचा कल चुकलेला दिसतो. बरेच जण आधी काच डौलदार दिसेल अशी उभी करतात, मग पडदे बसत नाहीत म्हणून पडद्यांना शिव्या घालतात. आम्ही दारं पूर्ण बसवून, पडदे लावून, वरचं कापडी हूड ओढून मगच खांबांखाली वायसर घालत काचेचा कल ठरवला. हे बरोबर केलं. काच चौकटीत घालताना मात्र घसरलो.

मे महिना होता. शेडमध्ये ४४ अंश. नवीन लॅमिनेटेड काच, भोवती रबर, साबणाचं पाणी, चार माणसं. काच अशी सुरेख बसली की चाचांनी सगळ्यांना ताक पाजलं. खालच्या डाव्या कोपऱ्यात खांब आणि खालची पट्टी जोडणारा जुना स्क्रू हरवला होता. मी तसाच दिसणारा, त्याच आट्यांचा नवा लावला. गाडी जूनमध्ये घरी गेली. पावसाळा गेला, दिवाळी गेली.

डिसेंबरात एका सकाळी वकीलसाहेबांचा फोन. काच तडकली आहे, गाडी महिनाभर जागची हललेली नाही. पारा नऊ अंशांवर उतरला होता. जाऊन पाहिलं : खालच्या डाव्या कोपऱ्यातून निघालेला तडा, वर जाऊन उजवीकडे वळलेला. नखाने तपासलं तर आतून तडा लागत नव्हता. लॅमिनेटेड काचेचे दोन थर असतात, मधे प्लास्टिकचा पडदा. फक्त बाहेरचा थर गेला होता.

मला आधी वाटलं कोणीतरी दगड मारला. दगडाचा तडा मधून सुरू होतो, त्याला एक ठिपका असतो. हा कडेपासून निघालेला. चौकट उघडली. रबराला आतून एक टोचा होता, सुईने पाडल्यासारखा. त्याच्या समोर माझा नवा स्क्रू. जुन्यापेक्षा दोन मिलिमीटर लांब. उजव्या कोपऱ्यातला मूळ स्क्रू काढून शेजारी ठेवला तेव्हा हे दिसलं. बसवताना ठेवला असता तर तेव्हाच दिसलं असतं.

मग तो मे महिन्यात का नाही टोचला? पितळ उष्णतेने काचेच्या दुपटीहून जास्त पसरतं. मीटरभर पितळ एका अंशाला १९ मायक्रॉन, काच ९. आमची चौकट साधारण १.२ मीटर रुंद. ४४ वरून नऊवर येताना चौकट आठ दशांश मिलिमीटर आकसली, काच चार दशांशाच्याही जरा आत. उरलेला फरक चार दशांश. तेवढ्यात स्क्रूचं टोक रबरातून पार होऊन काचेच्या कडेला लागलं. उन्हाळ्यात जी जागा होती ती थंडीत राहिली नाही. सकाळी सकाळी कधीतरी बारीक टक् झालं असेल, बंगल्यात कोणी ऐकलंही नसेल.

दुसऱ्या काचेचे पैसे मी भरले. वकीलसाहेबांनी अर्धे देऊ केले होते, घेतले नाहीत. ती एप्रिलमध्ये बसवली. या वेळी टर्नर काकांनी प्रत्येक स्क्रूची लांबी मापून वहीत लिहिली, मी सगळीकडून पातळ फीलर गेज (फट मोजायची पट्टी) फिरवला आणि काच बसवण्याआधी रिकाम्या चौकटीत पुठ्ठ्याचा साचा घालून पाहिला. साच्याच्या कडेला खडू लावला होता. कुठलंही टोक लागलं असतं तर खडू पुसला गेला असता.

ही काच आता एक मे आणि एक डिसेंबर काढून बसली आहे. जुलैत डाव्या दारातून पाणी येतं, पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातून, आणि त्याचा उपाय अजून सापडलेला नाही. वकीलसाहेब पायाशी टॉवेल ठेवतात. मागच्या महिन्यात तेल बदलायला आले तेव्हा चाचा दार उघडायला पुढे झाले, आणि त्यांचा हात सवयीने बाहेरच्या बाजूला जाऊन गुळगुळीत रंगावरून घसरला. मग हसले, आत हात घातला, दोरी ओढली.